सशाची पिल्लं आणि आबांचा हात

सशाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला मुळीच आवडलं नाही, हे आधीच कबूल करते. माझ्या डोक्यातला ससा कॅलेंडरवरचा, पांढराशुभ्र आणि लांब कानांचा. खोक्यात पडलेलं हे प्रकरण बोटाएवढं, गुलाबी, उघडंनागडं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. मी लॅबमध्ये काम करणारी बाई. रक्त, थुंकी, लघवी, मला कशाचीच किळस नाही. तरी त्या दिवशी मी दोन पावलं मागे सरले आणि आत्यांना विचारलं, "हे नक्की सशाचंच आहे ना?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "मग काय उंदराचं हाय? तूच आणलीस न्हवं माहेरनं?"

आणले होते मीच. माझं माहेर सांगलीचं. तिथल्या शेजारच्या काकूंनी कैक वर्षं परसात ससे पाळले होते. मुलगा त्यांना फ्लॅटमध्ये राहायला घेऊन गेला आणि तिथे ससे चालणार नव्हते. मग एक नर, एक तपकिरी मादी, एक पांढरी मादी आणि तीन पिंजरे असा संसार मी टेम्पोत घालून म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर आणला. नवरा फौजेत, दीर पुण्यात नोकरीला. घरात मी, आत्या आणि आबा. आबा म्हणजे माझे सासरे.

ससे आणले ते आबांसाठी. पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारं हे घर. गेल्या वर्षी आबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि कळप विकावा लागला. शेवटची मेंढी गाडीत चढली त्या दिवसापासून आबा ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसले ते बसलेच. जेवायला उठायचे, झोपायला उठायचे, आणि कुणी मेंढीसाठी बोलवायला आलं तरच बाहेर पडायचे. अंगणात चार जीव फिरताना दिसले तर माणूस हलेल, असा माझा हिशेब होता.

आबांच्या हाताबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या पंचक्रोशीत कुणाची मेंढी अडली, कुणाच्या मेंढीनं कोकरू जवळ घेतलं नाही, की माणूस धावत आबांकडे यायचा. आबा जायचे, हात लावायचे, आणि काम व्हायचं. एक चहा सोडला तर त्यांनी त्याबद्दल कुणाकडून काही घेतलं नाही. लोक म्हणायचे, आबांच्या हाताला गुण आहे. मी शहरातली, शिकलेली, मला आधी हे सगळं थोतांड वाटायचं. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात त्यांना आडवं आलेलं कोकरू आतल्या आत फिरवून बाहेर काढताना पाहिलं आणि गप्प बसले.

तर तपकिरी मादी व्याली. सहा पिल्लं. व्यायच्या आधी तिनं स्वतःच्या पोटावरची लव उपटून खोक्यात गादी केली, पिल्लं दिली, वरून लवेचंच पांघरूण घातलं आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली. सकाळ गेली, दुपार गेली. बाई काही पिल्लांकडे फिरकेना.

कित्येक महिन्यांनंतर आबा आपण होऊन ओसरीवरून उतरले. पिंजऱ्याशी उकिडवे बसून त्यांनी निदान केलं, "पाजत न्हाई ही. पयलारू हाय."

पयलारू म्हणजे पहिलटकरीण. कळपातली पयलारू मेंढी कधीकधी स्वतःच्या कोकराला ढुशी मारून हाकलते. अशा मेंढीला गुडघ्यांत धरायचं आणि कोकराचं तोंड जबरदस्तीनं सडाला लावायचं, दिवसातून चारपाचदा. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन पाजते. आबांची ही युक्ती साठ वर्षांत कधी फसली नव्हती. ती सशिणीवर का फसावी? आबांनी तिला धरलं. माझी अक्कल त्याहून मोठी. माणसाचा वास लागला की मादी पिल्लू टाकते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून मी हातमोजे चढवले, वर सॅनिटायझर चोळलं आणि एकेक पिल्लू ओल्या कापसानं पुसून निर्जंतुक करून तिच्यापुढे ठेवलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ हा कार्यक्रम चालला. ती लाथा झाडायची. आबांच्या हातांवर ओरखडे उठले, पण त्यांनी सोडलं नाही. सुटली की ती घाबरून खोक्यातच उड्या मारायची आणि मागच्या पायांनी धपाधप आपटायची. खाली पिल्लं होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सहातलं एकही उरलं नव्हतं.

आबांनी स्वतः लिंबाखाली खड्डा केला. पुरून आल्यावर हौदावर हात धुतले. बराच वेळ धुतले. मग ओसरीवर जाऊन बसले आणि दोन्ही हात घोंगड्याच्या आत घेतले.

पाचव्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचा माणूस धापा टाकत आला. "आवं आबा, मेंढी अडलीया. चला बिगीबिगी."

आबा उठले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला न्हे. माजा हात गेला."

त्याला वाटलं चेष्टा आहे. मग आबांचं तोंड बघून निघून गेला. वडूजहून डॉक्टर आला, मेंढी वाचली. पण आबांनी हात आखडला ही बातमी सगळ्या वस्त्यांवर फिरली. त्यानंतर आमच्या दारात कुणी धावत आलं नाही.

त्या संध्याकाळी आत्यांनी मला चुलीपुढे गाठलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "तुज्या सशांनी माज्या माणसाचा हात खाल्ला. परत अशी पिल्लं मेली तर पिंजऱ्यासकट सांगलीला धाडीन. ऐकतीयास न्हवं?"

"ऐकतेय," मी म्हटलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, कारण त्या बरोबर बोलत होत्या. कळप गेला तेव्हा आबांचं काम गेलं होतं, पण हात त्यांच्यापाशी होता. आता तोही गेला होता आणि तो घालवणारी मी होते. ससे गेले असते तर त्याचं मला फार वाटलं नसतं. हा म्हातारा उरलेलं आयुष्य हात लपवून काढणार, हे मला सहन होत नव्हतं.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी केलं. सांगलीच्या काकूंना फोन लावला. आधी का लावला नाही? माज. लॅबमधली बाई सशाबद्दल काय विचारणार!

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं वेडाबाई, सशीण दिवसातून एकदाच पाजते. पहाटे. दोनचार मिनिटं, की झालं. बाकी दिवसभर ती लांबच बसते. आई जवळ बसली तर कोल्ह्याला पिल्लं सापडतील ना! तिचं लांब बसणं हीच तिची माया."

"आणि हाताचा वास?"

"हात लाव की. फक्त आधी तिच्या अंगावरून फिरव. तुझं ते सॅनिटायझर मात्र गटारात ओत."

मी आबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मेंढी पिल्लाला क्षणभर नजरेआड करत नाही. या घरातल्या कुणालाही लांब बसणारी आई ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. आबा समोर बघत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजी पाजत हुती ती. आपुनच मारली."

"मी पण होते त्यात," मी म्हटलं. त्यानं त्यांना काही हलकं वाटलं असं दिसलं नाही.

काकूंनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. दोन्ही माद्या एकाच दिवशी नराकडे सोडायच्या, म्हणजे पुढेमागे एकीला अडचण आली तर दुसरी सांभाळते. मी तसं केलं. महिनाभर थांबायचं होतं. आबा पिंजऱ्याकडे येत नसत. पण रोज सकाळी पिंजऱ्यापुढे कापलेल्या लसूणघासाची पेंडी पडलेली असायची. ती मी आणत नव्हते, आत्याही आणत नव्हत्या. कोण आणतं ते मी विचारलं नाही.

पौषातली थंडी. माणदेशात या दिवसांत वारा सुटला की दातखीळ बसते. एका सकाळी तपकिरीनं चार पिल्लं दिली, वर लवेचं पांघरूण घातलं आणि शहाण्यासारखी लांब जाऊन बसली. मी दिवसभर त्या बाजूला गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तळवे तिच्या पाठीवरून फिरवले आणि खोक्यात हात घातला. चारही पिल्लांची पोटं टम्म. कातडी इतकी पातळ, की आतलं दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं बाहेरून दिसत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नाचले. आत्या बघत होत्या, तरी नाचले.

त्याच्या पुढच्या पहाटे पांढरी व्याली.

साडेपाचला बॅटरी घेऊन गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिनं लव उपटली नव्हती, खोक्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीवरच व्याली होती. चार पिल्लं चार दिशांना उघड्यावर पडलेली. एकाची मान जाळीत अडकून ते गेलं होतं, त्यात शंका नव्हती. बाकीची तीन उचलली. दगडासारखी गार. हालचाल नाही. चिमटा घेऊन पाहिला, काही नाही. मी त्यांना सुपलीत घेतलं आणि अंगणात येऊन उभी राहिले.

आत्या बाहेर आल्या. सुपलीत पाहिलं आणि पायरीवर बसल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा ओसरीवर उभे होते, हात घोंगड्यात. मी म्हटलं, "आबा, गेली."

"तोंड उघडून बघितलंस?"

"नाही."

"बघ. आतनं लाल हाय का पांढरं?"

नखानं एकाचा जबडा उघडला. बॅटरीच्या उजेडात आतून अगदी फिकट गुलाबी दिसलं. मी तसं सांगितलं.

आबा पायऱ्या उतरले. गुडघे कटकट वाजले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, पण हात पुढे केले नाहीत. घोंगडं बाजूला करून त्यांनी बंडीची बटणं काढली आणि उघडं पोट पुढे केलं. "तू ठेव. मी हात न्हाई लावायचा."

मी थबकले. म्हटलं, "आबा, लॅबमध्ये इन्क्युबेटर आहे. बरोबर सदतीस डिग्री. गाडी काढते."

"म्हसवडात पोचंस्तवर जातील. माजं पोट किती हाय?"

मी धावत जाऊन घरातला थर्मामीटर आणला. बंडीखाली लावला. सदतीसला थोडा कमी.

"पुरंल," आबा म्हणाले.

मी तिन्ही पिल्लं त्यांच्या पोटावर ठेवली. त्यांचं पोट गार स्पर्शानं आत गेलं, पण ते हलले नाहीत. बंडी बंद केली, खालून धोतराच्या गाठीचा आधार दिला, वरून घोंगडं. एवढ्यात आत्यांनी चूल पेटवायला काटक्या आणल्या.

"जाळ न्हाई!" आबा गरजले. वर्षभरात मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. "जाळानं वरनं भाजतंय, आतनं गारच ऱ्हातंय. हळू ऊब पायजे. आनि हालतं ऱ्हायला पायजे."

मग ते चालायला लागले. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसापाण्यात गारठलेलं कोकरू मेंढपाळ असंच पोटाशी बांधतो आणि कळपामागं चालत राहतो. चालण्यानं माणसाचं पोट तापतं, कोकराला हेलकावा मिळतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच बघत होते, की ज्या माणसाला हौदापर्यंत जायला काठी लागते तो काठीशिवाय चालतोय आणि जिभेनं टकटक आवाज काढत स्वतःच्या पोटाशी बोलतोय.

फटफटलं. आत्यांनी चहा केला, चालत्या नवऱ्याबरोबर चालत बशी त्यांच्या तोंडाला लावली. त्या दोघांना इतकं जवळ मी कधी पाहिलं नव्हतं.

अंगणाच्या पांदीकडच्या, शेतवाटेच्या टोकाला आबा एकदम थांबले.

"हाललं," म्हणाले.

आणि मी पाहिलं, त्यांचा उजवा हात बंडीच्या आत होता. कधी गेला त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही. बोटांच्या टोकांनी ते आत काहीतरी चाचपत होते. मी आत्यांकडे बघितलं. त्यांनीही पाहिलं होतं. त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं, बोलू नकोस.

दुसरं पिल्लू अर्ध्या तासात हललं. तिसरं सगळ्यांत बारकं, त्यानं तास घेतला. तोवर आबा बसले नाहीत. मी दोनदा म्हटलं, टेका जरा. त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्यानं जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं तेव्हा आबा जे हसले, ते हसू मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचा प्रश्न दुधाचा. पांढरी कोपऱ्यात मख्ख बसलेली. तपकिरीला सड आठ, पिल्लं चारच. मी काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तपकिरीच्या खोक्यात घाल, पण वास जुळवून. फोन ठेवून वळते तर आबांनी काम सुरूही केलं होतं. मेलेल्या आईचं कोकरू दुसरीला लावून द्यायला ज्यानं जन्म घालवला त्याला हे काय सांगायचं! तपकिरीला त्यांनी घासाची लालूच दाखवून दुसऱ्या पिंजऱ्यात घेतलं. तिच्या पोटाशी आणि पाठीला तळवे घासले, तिच्याच खोक्यातली लव हातात कुस्करली आणि ती तिन्ही नव्या पिल्लांना चोळली. मग ही तीन तळाला, तिची चार वर, त्यावर पांघरूण.

"वास मिसळला की आईला मोजता येत न्हाई," आबा म्हणाले.

तासाभरानं तिला आत सोडलं. तिनं खोक्याच्या काठावर पाय टेकून आत नाक घातलं. आम्ही तिघंही श्वास धरून. ती हुंगत राहिली. मग वळली, लांब कोपऱ्यात गेली आणि पाठ करून बसली. गेल्या खेपेला याच पाठीनं आमचा घात केला होता. आता ती बघून माझा जीव भांड्यात पडला.

"चला, लांब व्हा. कुणी बघायचं न्हाई," आबांनी हुकूम सोडला. दिवसभर आम्ही पिंजऱ्याकडे पाठ करून कामं केली. मी एकदाच चोरून वळले, तर आत्यांनी पळीनं पाठीत हाणली.

दुसऱ्या पहाटेनंतर पाहिलं. सहा पोटं टम्म, एक सपाट. तेच बारकं. सात जणांच्या ढकलाढकलीत त्याला सडापर्यंत पोचताच येत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, चाळीस ग्रॅमसुद्धा भरलं नाही. कातडी सुरकुतलेली. त्याच्या पुढच्या सकाळीही सपाटच. ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजते म्हटलं तर काकू म्हणाल्या, इतक्या लहानाच्या नाकात दूध गेलं तर संपलं.

त्या दिवशी जेवून हात धुऊन आल्यावर आबा म्हणाले, "उद्या पहाटं मी धरतो तिला."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. आत्या ताडकन म्हणाल्या, "न्हाई. परत न्हाई. सहा हायत ती बी घालवशीला."

"तवा येळ तिची न्हवती, माजी हुती," आबा शांतपणे म्हणाले. "दिस उजाडल्यावर धरली, दुपारी धरली. उद्या तिच्या येळंला धरतो. तिला पाजायचंच आसतंय तवा."

आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. आणि त्याच वेळी म्हणत होते, हो म्हणा. सहा जिवंत पिल्लं पणाला लावून सातवं वाचवायचं, हे लॅबमधल्या कुठल्याच शहाणपणात बसत नव्हतं. पण आबा कितीतरी दिवसांनी आपण होऊन हात पुढे करत होते.

"मग मी बी येते," आत्या म्हणाल्या.

पहाटे पाचला पिंजऱ्यापुढे पोतं अंथरून आबा मांडी घालून बसले. मी आधी त्यांचे हात बघितले. घोंगड्याबाहेर होते. पोत्यावर ते पालथे ठेवून आबा वाट बघत राहिले. तपकिरी कोपऱ्यात होती. मग ती उठली, अंग ताणलं, पिंजऱ्यात एक फेरी मारली, खोक्याकडे वळली.

"आता," आबा कुजबुजले.

त्यांनी तिला अलगद उचललं. ती लाथा झाडेल म्हणून मी डोळे मिटायच्या बेतात होते. तिनं झाडल्या नाहीत. आबांनी तिला मांडीवर उभी धरली, एक तळवा पाठीवर नुसता ठेवलेला, दाबलेला नाही, आणि तोंडानं तोच टकटक आवाज. मी बारक्याला त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं. तो हात तिच्या पोटाखाली गेला.

चुटुक चुटुक असा आवाज आला. खरंच येतो तो आवाज, कान दिला तर.

आठ सडांवर एकटं बारकं. मिनिटा-दोन मिनिटांत आबांनी ते बाहेर काढलं आणि तपकिरीला खोक्यात सोडलं. ती इतर सहांवर उभी राहिली आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात पाजायला लागली. आबांनी अंगठा बारक्याच्या पोटावरून फिरवला आणि तळहात आत्यांपुढे धरला. "बघ."

आत्यांनी चष्मा चढवला. नाक त्याला लागेल इतक्या खाली वाकल्या. "टम्म हाय की ओ," त्या म्हणाल्या.

मी रडले. लपवायचं काय त्यात, हमसून रडले.

तीन पहाटा आबांनी हे केलं. चौथ्या पहाटे बारकं आपणच सगळ्यांच्या डोक्यावर पाय देत सडाला जाऊन लोंबकळलं. आठवडा भरला तेव्हा सातांच्याही अंगावर मखमलीसारखी लव आली होती. अकराव्या दिवशी पहिला डोळा उघडला, बाराव्या दिवशी सगळ्यांचे. खोक्यात हात घातला की सातही जण लाह्यांसारखे उडायचे. वस्तीवरच्या बायका बघायला आल्या. आबा खुर्ची टाकून पिंजऱ्यापाशी बसले आणि त्यांना सशाच्या बाळंतपणावर व्याख्यान दिलं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मी दोनदा दुरुस्त करायला गेले, तर आत्यांनी मला भाकरी थापायला आत पिटाळलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी अवकाळी पाऊस आला. सगळीकडेच आला असावा, कारण तासाभरात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आबांचा चुलत पुतण्या, तीस वर्षं मेंढरं राखलेला बाप्या, कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरलेला. मागे भिजलेली मेंढरं आणि तोडणी झालेला ऊस. त्याच्या हातात कोकरू होतं, मान टाकलेलं. "वैनी, आबा बोलतील का? पावसात झालंय. गार पडलंय. शेकोटी बी पेटंना."

मी फोन आबांपुढे धरला. आबांनी एकदा बघितलं.

"शेकोटी नगंच. तोंड उघड. लाल हाय?"

"व्हय, थोडं."

"बनेल वर कर. पोटाला धर. उघड्या पोटाला, लाजतुस काय! वर घोंगडं घे. आता चाल."

पुतण्या चालायला लागला. फोन त्यानं कुठेतरी खोचला असावा. आम्हाला नुसते त्याचे पाय दिसत होते, चिखल, उसाची पाचट, पुन्हा पाय. आबा फोनकडे बघून ओरडत होते. "थांबू नगं! डाव्या कुशीला घे! हात आत घाल, पाठीवरनं फिरव!" त्यांचा स्वतःचा उजवा हात हवेत, नसलेल्या पाठीवरून फिरत होता. माझा हात भरून आला तरी मी फोन खाली केला नाही. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग फोनमधून एक बारीक आवाज आला. बेंऽ. लगेच दुसरा, जरा मोठा.

पुतण्याचं भिजलेलं, हसणारं तोंड पडद्यावर आलं. "जगलं आबा! जगलं! आनि आमी हितं काय ऐकलं हुतं, म्हनं आबांनी हात आखडला, आता कुणाला हात लावत न्हाईत."

आत्या पुढे आल्या. फोन हातात धरायला नेहमी घाबरणाऱ्या त्या बाईनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पार तोंडाजवळ नेला.

"कोण म्हनतंय तसं? त्याला म्हनावं हितं ये. सात जित्ती हायत. ह्यांनी हातानं जगवल्याली. येऊन मोजून जा."